जुनी, चालती, पण निर्दोष नसलेली आलिशान गाडी कशी विकावी?

ओसरीवरून (धागाकर्ता)
मंडळी, गाडी आहे मर्सिडीज ३०० एसई, डब्ल्यू १२६ मालिकेतली, १९८७ ची. गडद निळा रंग, आत राखाडी वेलूर (मखमली कापड), ऑटोमॅटिक. बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मी ती कव्हर घालून पूजेला ठेवली नाही, व्यवस्थित चालवली. आता तिच्यासाठी वेळ काढणं जमत नाही, म्हणून विकायची आहे.

प्रदर्शनात ठेवण्याजोगी ती नाही आणि भंगारात काढण्याजोगीही नाही. एका सेल्फमध्ये सुरू होते, लांबच्या प्रवासाला आजही बिनघोर नेतो. पण दोष आहेत. ओडोमीटर बंद आहे (वेगाचा काटा चालतो). सकाळी सुरू करताना निळसर धूर येतो आणि लगेच थांबतो. मागच्या उजव्या जॅकच्या जागेपाशी गंज धरलाय. पुढचा डावा मडगार्ड माझ्याआधीच्या मालकाने रंगवून घेतला होता, उन्हात त्याची छटा वेगळी दिसते. ड्रायव्हरच्या सीटची कड झिजलीय, डॅशच्या लाकडावर वार्निशला तडे आहेत.

प्रश्न दोन. हे सगळं दुरुस्त करून विकू की जशी आहे तशी? आणि जाहिरातीत किती सांगू? एक मित्र म्हणतो झाकली मूठ सव्वा लाखाची, बघायला आलेल्याने विचारलं तर सांग. मला ते पटत नाही. पण एवढी यादी वाचून कुणी फोन तरी करेल का?

पेट्रोलगंध
वाचतोय. फोटो टाका आधी. फोटोशिवाय डब्ल्यू १२६ चा धागा काढणं हा फाउल धरला जाईल.

तेलकट हात
हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे जरा लांबण लावतो.

निळा धूर: फक्त सुरू करताना येऊन थांबत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह स्टेम सील कडक झालेत. रात्रभरात थोडं ऑइल झिरपतं, सकाळी जळतं. तुमच्या एम १०३ इंजिनांत वयानुसार हे होतंच. हेड न उतरवता, सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून सील बदलता येतात. पण इंजिन गरम असताना आणि पाय दाबल्यावरही धूर येत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी काँप्रेशन (सिलिंडरमध्ये धरला जाणारा दाब) मोजून घ्या आणि तो कागद गाडीबरोबर द्या. ‘थोडा धूर येतो’ या वाक्याला कुणी भाव देत नाही, सहाही सिलिंडरचे आकडे लिहिलेल्या कागदाला देतात.

गंज: तुमच्या यादीतली मला सगळ्यात काळजीची वाटणारी गोष्ट हीच. या गाडीच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. त्यांच्यामागे ओल आणि माती साठते आणि पत्रा आतून खातो. बाहेर नखाएवढं दिसलं तर आत तळहाताएवढं असू शकतं. पट्टी उतरवा, स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर फोटो काढा.

सीट, लाकूड आणि मडगार्डला हात लावू नका. ब्रेक, टायर, स्टिअरिंगचे सांधे मात्र चोख हवेत. माणूस गाडी घेऊन घरी पोचला पाहिजे.

आणि एक विचारायचं राहिलं. एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा कधी लागतो का?

निवांत
मी उलट सांगेन. काहीही दुरुस्त करू नका. जुन्या आलिशान गाडीवर विकण्याआधी केलेला खर्च परत येत नाही. घेणाऱ्याचा स्वतःचा मिस्त्री असतो, स्वतःच्या खोडी असतात. तुम्ही घाईत गंजावर पत्रा ठोकून काळं अंडरकोटिंग (तळाला मारायचा गंजरोधक लेप) मारलंत तर जाणता माणूस त्या ताज्या काळ्या थराकडेच आधी बघेल. उघडा गंज बरा, निदान दिसतो तरी.

तेलकट हात
निवांत, अंडरकोटिंगबद्दल शंभर टक्के अनुमोदन. ताजं अंडरकोटिंग दिसलं की मी पाना बाहेर काढतो. पण ब्रेकबद्दल नाही. या वयाच्या गाडीत ब्रेकच्या रबरी नळ्या आतून फुगतात. पाय सोडला तरी दाब अडकून राहतो आणि एक चाक ओढत जातं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल पितं, दोन वर्षांत बदलावंच लागतं. चाचणीच्या फेरीत गाडी एका बाजूला ओढली की गिऱ्हाईक उतरून घरी जातं, पुढचं काहीच ऐकत नाही.

झुळूक
मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहिते. माझी जॅग्वार एक्सजे ६ आहे, सीरिज ३. मी ती घेतलीच मुळी जाहिरातीतल्या दोषांमुळे!

शोधत होते तेव्हा प्रत्येक जाहिरातीत ‘सुस्थितीत’, ‘हौशी मालक’, ‘बघाल तर प्रेमात पडाल’. फोटो संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात, तेही ओल्या गाडीचे. ओला रंग कुठलाही चमकतो. मग ही एक सापडली. भर दुपारचे फोटो. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात रंगाला आलेल्या फोडाशेजारी एक नाणं धरून काढलेला फोटो, म्हणजे आकार कळावा. या गाडीला मागच्या दोन मडगार्डांत दोन वेगळ्या पेट्रोल टाक्या असतात, डॅशवरच्या बटणाने टाकी बदलता येते. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘उजवी टाकी गळते, मी ती रिकामीच ठेवतो, डावीवर गाडी चालते.’ ते वाचून मला वाटलं, हा माणूस गाडी चालवतो. ज्याची नुसती उभी असते त्याला कुठली टाकी गळते हे ठाऊक नसतं.

नंतर मागचे ब्रेक निघाले. त्या गाडीत मागच्या डिस्क चाकाशी नसून आत डिफरन्शिअलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीला) लागून असतात, सुट्या भागापेक्षा मजुरीच जड. ते त्याने लिहिलं नव्हतं. पण मला राग आला नाही, कारण त्यालाही ते माहीत नसणार याची खात्री होती. बाकीचं इतकं सांगणारा माणूस तेवढंच लपवेल कशाला?

पेट्रोलगंध
झुळूक, प्रतिसाद आवडला. ओल्या गाडीचे फोटो हा तर राष्ट्रीय गुन्हा ठरवायला हवा.

कटू सत्य
सगळे गोड बोलताहेत म्हणून मी जरा कडू. ‘प्रामाणिक, जशी आहे तशी’ हे शब्द हल्ली सर्रास विक्रीची युक्ती म्हणून वापरले जातात. काम केलेलं नसतं, करायची इच्छा नसते, मग आळसाला प्रामाणिकपणाचा मुलामा द्यायचा आणि किंमत मात्र मासिकात छापलेल्या चकचकीत गाडीची लावायची. दोष सांगितले म्हणजे दोष फिटले असं नव्हे. सांगितलेला प्रत्येक दोष किमतीतून वजा झाला पाहिजे. तो होणार नसेल तर यादी वाचून मी काय करू?

ओसरीवरून
@कटू सत्य, मुद्दा मान्य. वजा करणारच आहे. अडचण ही की वजा कशातून करू?

@तेलकट हात, एबीएसचा दिवा लागतो अधूनमधून. तेव्हा आयडलिंगही जरा अडखळतं. गाडी बंद करून परत सुरू केली की जातं. इतक्या वर्षांत त्याचं काही वाटेनासं झालंय.

तेलकट हात
वाटलंच! ओव्हरव्होल्टेज प्रोटेक्शन रिले, म्हणजे विजेचा दाब वाढला तर यंत्रणा वाचवणारा. चकचकीत धातूच्या डबीसारखा असतो, वर लाल फ्यूज. आतले सोल्डरचे सांधे वयाने तडकतात. या रिलेवरून एबीएसलाही वीज जाते आणि पेट्रोल इंजेक्शनच्या कंट्रोल युनिटलाही, म्हणून दिवा आणि अडखळणं जोडीने येतं. खोलून सोल्डर परत केलं तर पुष्कळदा चालतं, नवा बसवलात तर उत्तम. हे मात्र विकण्याआधी कराच. घेणाऱ्याला दिवा दिसला की तो ‘एबीएस गेलं’ असंच समजणार आणि त्या हिशेबाने भाव पाडणार.

कटू सत्य
बघा. ‘सगळे दोष सांगतो’ म्हणणाऱ्याच्या यादीत हाच दोष नव्हता. ओसरीवरून लपवत होते असं मी म्हणत नाही. पण रोजच्या गाडीतलं काय बिघडलंय ते मालकाला दिसेनासं होतं. दार जरा उचलून लावायचं, काच खाली करताना हाताने आधार द्यायचा, हे अंगवळणी पडतं. म्हणून मालकाने केलेल्या यादीवर माझा विश्वास नसतो, मग तो कितीही सज्जन असो. यादी दुसऱ्याने करावी.

झुळूक
हे मात्र खरं बोललात. अशी कधीही न चालवलेल्या माणसाला गाडी द्यावी आणि आपण शेजारी गप्प बसावं. तो कुठे दचकतो ते लिहून घ्यावं.

निवांत
गप्प बसणं हाच कठीण भाग.

चौकस
ओडोमीटरबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मते या जाहिरातीतला सगळ्यात नाजूक मुद्दा तोच. मीटर केव्हापासून बंद आहे? त्याआधीचं रीडिंग खरं आहे कशावरून? जुनी बिलं असतील तर प्रत्येक बिलावरचं रीडिंग आणि तारीख एका कागदावर उतरवून काढा. आकडे हळूहळू चढत गेले आणि एका सालानंतर एकाच आकड्यावर थांबले, हे दिसलं की कुणी तोंड वाकडं करत नाही.

अर्धवट
मीटर बंद म्हणजे गाडीचं वय वाढायचं थांबलं. मलाही एक असलं बसवून मिळेल का?

गंजका खिळा
मीटर दुरुस्त करून घ्यावा की नाही? मला वाटतं करू नये. विक्रीच्या आदल्या आठवड्यात मीटरचं काम केलंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात आधी एकच शंका येईल.

तेलकट हात
आत प्लॅस्टिकचं चिमुकलं गिअर असतं, ते चिरतं किंवा दांडीवर निसटतं. काम किचकट आहे, मोठं नाही. गंजका खिळा म्हणतात ती शंका रास्त आहे, म्हणून काम केलंच तर आकडा होता तिथेच ठेवायचा, आधीचा आणि नंतरचा फोटो काढायचा, आणि लिहायचं की ‘एकूण किलोमीटर सांगता येणार नाहीत’. आकड्याचा अंदाज जाहिरातीत अजिबात देऊ नका. अंदाज पुढच्या मालकाच्या तोंडी खात्री होऊन बसतो.

सावकाश चला
थोडं अवांतर. मी काही काळ एका रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोची देखभाल बघत होतो. (१९६५ ते १९८० या काळात निघालेलं मॉडेल.) तिची हायड्रॉलिक यंत्रणा सित्रोएँच्या परवान्यावर बेतलेली, आणि तिला आरआर ३६३ नावाचं खास ब्रेक फ्लुइड लागतं. तिच्यानंतरच्या सिल्व्हर स्पिरिटला मिनरल ऑइल लागतं. एकीचं दुसरीत घातलं की सगळी सीलं खलास, आणि ती बदलायची म्हणजे जवळजवळ सगळी यंत्रणा उतरवायची. मालकाने गाडी विकताना तोंडी सांगितलं असेलही, पण नव्या मालकाच्या गॅरेजने हाताला आली ती बाटली ओतली. पुढचं सांगत नाही.

तात्पर्य, दोषांची यादी द्याच, पण ‘ही गाडी कशी सांभाळायची’ याचं एक पान लिहून बॉनेटखाली चिकटवा. कुठलं ऑइल, कुठला कूलंट, कुठली खोड. जुनी गाडी नव्या हातात गेल्यावर पहिल्या वर्षात जेवढी बिघडते तेवढी एरवी नाही.

रातराणी
सावकाश चला, ‘पुढचं सांगत नाही’ म्हणून सगळंच सांगितलंत.

हिशेबी
किमतीबद्दल. ओसरीवरून, ‘वजा कशातून करू’ हा प्रश्न बरोबर आहे. जाहिरातींत मागितलेल्या किमती बघू नका. विकली न गेलेली गाडीच तिथे महिनोन्महिने दिसत राहते. जिथे लिलाव उघड होतात तिथले हातोडा पडलेले आकडे बघा, तेही तुमच्यासारख्याच अवस्थेतल्या गाड्यांचे. किंमतपुस्तकांत वरच्या प्रतीच्या गाडीचा आकडा ठळक असतो, तुमची मधल्या किंवा त्याखालच्या प्रतीत बसते.

दुसरं असं, की ही गाडी दुर्मीळ नाही. १९७९ ते १९९१ मध्ये डब्ल्यू १२६ च्या ८ लाखांहून जास्त सेडान निघाल्या. मर्सिडीजचा डिझाइनप्रमुख ब्रुनो साक्कोच्या विभागाने आखलेली, १९८१ मध्ये ड्रायव्हरची एअरबॅग देऊ लागलेली, सगळं कबूल. पण भाव खातात त्या मोठ्या व्ही ८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाच्या दोन दारी कूपे, सहा सिलिंडरची सेडान नव्हे. तिची जमेची बाजू ही की सुटे भाग मिळतात आणि मिस्त्रींना ती कळते. जाहिरातीत ‘दुर्मीळ’ लिहिण्याऐवजी तेच लिहा.

अर्धवट
‘फिवा’ या जागतिक संघटनेच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन ३० वर्षांचं तरी हवं, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत जपलेलं हवं आणि रोजच्या वापरात नसावं. पहिली अट मी कधीच पार केली. उरलेल्या दोन्हींत नापास.

अबोली
हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

एक बारीक सूचना. विकण्याआधी इंजिन प्रेशरने धुऊन घेऊ नका. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आणि रिलेत पाणी गेलं तर नेमकी गिऱ्हाईकासमोर गाडी अडेल. आणि लखलखीत इंजिन बघून जाणत्याला एकच प्रश्न पडतो, गळती कुठे होती? कोरड्या फडक्याने धूळ पुसा, पुरे.

टायरची तारीखही लिहा. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. जुन्या आलिशान गाड्यांच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर लाकूड झालेलं असतं. कमी फिरणाऱ्या गाडीत हे हमखास.

ओसरीवरून
सगळ्यांचे आभार. मधल्या काळात बरंच झालं. रिले बदलला, दिवा परत लागलेला नाही. ब्रेकच्या नळ्या आणि फ्लुइड बदललं. पट्टी उतरवली. गंज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, जॅकच्या जागेचा पत्रा एका कडेला भोक पडण्याइतका खाल्लाय. बाकी तीन जागा खणखणीत. मी तो ठोकून घेणार नाही, उघडाच दाखवणार आहे. झुळूक यांचं ऐकून एका ओळखीच्या बाईंना गाडी चालवायला दिली. त्यांनी सांगितलं की पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला थंड असताना धक्का बसतो. मला तो कधी जाणवलाच नव्हता!

मसुदा देतो, झोडपा:

‘मर्सिडीज ३०० एसई, १९८७, गडद निळी. अत्यंत जड अंतःकरणाने विकणे आहे. फक्त जाणकारांनीच संपर्क साधावा. रोज चालवता येण्याजोगी, प्रदर्शनाची नाही. मागील उजव्या जॅकच्या जागेचा पत्रा गंजून भोक पडले आहे, वेल्डिंग लागेल. थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर येऊन थांबतो. काँप्रेशनचा कागद सोबत. थंड असताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का. ओडोमीटर बंद, एकूण किलोमीटर अज्ञात. बिलांवरील नोंदींची यादी आहे. पुढील डावा मडगार्ड पूर्वी रंगवलेला. ड्रायव्हर सीट झिजलेली, लाकडाच्या वार्निशला तडे. ब्रेकच्या नळ्या, फ्लुइड व ओव्हरव्होल्टेज रिले नुकतेच बदलले. दोन चाव्या, मूळ माहितीपुस्तिका, जुनी बिले.’

निवांत
‘जड अंतःकरणाने’ काढा. गाडी विकायची आहे, शोकसभा नाही.

कटू सत्य
‘फक्त जाणकारांनीच’ पण काढा. जाणकार अशा वाक्याने चिडतात आणि हौशे येतातच. बाकी मसुद्याला माझ्याकडून +१, आणि मी तो सहज देत नाही.

तेलकट हात
गिअरच्या धक्क्यासाठी आधी व्हॅक्युमच्या नळ्या बघा. या गिअरबॉक्सला शिफ्टचा दाब ठरवण्यासाठी इंजिनचा व्हॅक्युम लागतो. एखादं रबरी टोक चिरलेलं असेल तर काम मिनिटांचं. नुसतं ‘धक्का बसतो’ वाचून लोक गिअरबॉक्स गेला समजतील.

हिशेबी
किंमत लिहिली नाहीत. ‘फोनवर बोलू’ अजिबात नको. आणि गंजाच्या वेल्डिंगचा अंदाज एखाद्या गॅरेजकडून लेखी घेऊन ठेवा. नाहीतर घेणारा त्याच भोकावर तीनदा घासाघीस करेल.

गंजका खिळा
मला माझी मर्सिडीज डब्ल्यू १२४ विकायची आहे, १९९३ ची, वायरिंगच्या आवरणाचा चुरा होणाऱ्या सालातली. इंजिनचा हार्नेस (वायरींचा जुडगा) आधी बदलू की लिहून देऊ? वेगळा धागा काढू का?

तेलकट हात
काढा. तो प्रतिसादात मावणार नाही.

ओसरीवरून
व्हॅक्युमचं रबरी टोक खरंच चिरलेलं होतं. धक्का बराच कमी झालाय, पूर्ण गेलेला नाही, तसंच लिहिलंय. जड अंतःकरण आणि जाणकार दोन्ही काढले, किंमत घातली. उद्या सकाळी एकजण बघायला येतोय.

झुळूक
तो यायच्या आधी गाडी सुरू करू नका हं. बाहेर काढून ठेवायला म्हणूनही नाही. बॉनेटला हात लावून कोमट लागलं की तुमचा धुराचा मुद्दा त्याला खोटाच वाटेल.

ओसरीवरून
आजच रात्री बाहेर काढून ठेवतो. चावी बायकोकडे देतो, म्हणजे मोह नको.